खडे डबीत, दुखणं पोटात

ऑपरेशन थिएटरचं दार किलकिलं होतं. हिरव्या गाऊनमधला सहायक डॉक्टर हातात स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर येतो आणि बाकावर अवघडून बसलेले नातेवाईक एकदम उभे राहतात. ट्रेमध्ये चिरून उघडलेली पित्ताशयाची पिशवी आणि तिच्यातून निघालेले खडे. कुणी मोबाइलवर फोटो काढतं, कुणी मोजायला लागतं, कुणी तोंड फिरवतं. पुढे ते खडे एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, बहुधा लघवी तपासायला देतात तसल्याच, घरच्यांच्या हवाली होतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ही डबी औषधांच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेली आहे. भेटायला आलेल्यांपुढे चहाच्या आधी ती येते.

चिंचवडच्या एका निवृत्त शिक्षिकेने ती मलाही दाखवली. हिरवट, काळपट, कोनदार खडे. "सव्वीस निघाले," त्या म्हणाल्या. स्वरात थोडा अभिमानही होता. आता बरं आहे ना, असं विचारल्यावर मात्र त्या घुटमळल्या. "तसं बरंच म्हणायचं. पण संध्याकाळी पोट फुगायचं ते फुगतंच. ढेकर येतात, घशाशी येतं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, आता काय राहिलंय दुखायला?"

यजमानांचा प्रश्न वेडगळ नाही. खडे दिसले, खडे काढले, पावती म्हणून डबी मिळाली. सर्जनच्या लेखी ऑपरेशन यशस्वी झालं, विमा कंपनीने बिल मंजूर केलं, आठव्या दिवशी टाके बघून झाले. त्यानंतर बाईंना कुणी काही विचारलेलं नाही. पित्ताशय काढणं हे जगात सर्वाधिक होणाऱ्या पोटाच्या ऑपरेशनांपैकी एक. ते कसं करायचं यावर गेल्या चाळीस वर्षांत चिकार लिहिलं गेलं. ते झाल्यावर माणसाला बरं वाटतं का, हा प्रश्न त्या मानाने उशिरा आणि काहीशा नाइलाजाने विचारला गेला. आलेली उत्तरं सर्जनांना फारशी आवडलेली नाहीत.

आधी दुखणं कोणतं, ते बघू. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. पित्ताशयात मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण तिथे त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो चांगलाच दाट होतो. तुपातेलाचा घास लहान आतड्यात उतरला की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं, पिशवी आकसते आणि दाट पित्त नळीवाटे आतड्यात येतं. पित्तातलं कोलेस्टेरॉल आणि त्याला विरघळवून ठेवणारे क्षार यांचं प्रमाण बिघडलं की त्याचे स्फटिक होतात, स्फटिकांचे खडे. पिशवी आकसताना एखादा खडा तिच्या तोंडाशी अडकला की कळ येते.

ही कळ ज्याने सोसली आहे तो ती विसरत नाही. बेंबीच्या वर मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली सुरू होते, चढत जाते आणि तिथेच ठाण मांडते. अर्धा तास, तास, कधी चार-पाच तास. पाठीत जाते, उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाते. मळमळतं, उलटी होते. पाय पोटाशी घेऊन पडलं तरी चैन नाही, उठून येरझाऱ्या घातल्या तरी नाही. पुष्कळदा ती रात्री येते आणि लोक हृदयविकाराचा झटका समजून रुग्णालय गाठतात. मग ओसरते, आणि पुढची येईपर्यंत आठवडे किंवा महिनेही जातात.

याउलट आपल्याकडे "पित्ताचा त्रास" म्हणून जे काही सांगितलं जातं त्यात आंबट ढेकर, छातीतली जळजळ, जेवल्यावर जड होणं, गॅस, डोकं चढणं असं सगळं येतं. त्यातलं बहुतेक पित्ताशयातून येत नाही. ते जठरातलं, अन्ननलिकेतलं, आतड्याच्या चालीतलं असतं. ही तक्रार घेऊन माणूस सोनोग्राफीला गेला आणि तिथे खडे दिसले, की गुन्हेगार सापडल्याचा आनंद सगळ्यांना होतो. खडे असणाऱ्यांची संख्या मोठी, आम्लपित्तवाल्यांची तर त्याहून मोठी. एकाच पोटात दोन्ही असणं हा पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो.

पित्ताशय मुळासकट काढण्याची कल्पना १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात प्रत्यक्षात आली. सर्जन होते कार्ल लांगेनबुख. त्याआधी सर्जन फार तर पिशवी उघडून खडे काढत आणि ती परत शिवत. अमेरिकेत इंडियानापोलिसला जॉन बॉब्स यांनी १८६७ मध्ये तसं केलं होतं. लांगेनबुख यांचं म्हणणं असं, की खडे तयार करणारी जागाच ठेवली तर खडे पुन्हा होणारच. त्यांचा रुग्ण ४३ वर्षांचा होता. सोळा वर्षं कळा सोसून खंगलेला, मॉर्फिनची सवय लागलेला. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी तो सिगार ओढत होता, अशी हकीकत शल्यचिकित्सेच्या इतिहासात सांगतात. काही आठवड्यांनी तो घरी गेला आणि त्याचं वजन वाढलं. या ऑपरेशनचा पहिला समाधानी रुग्ण हाच. त्याची निवड मात्र नीट बघायला हवी. त्याला पोटफुगी नव्हती, ढेकर नव्हते. होती ती अस्सल कळ, तीही सोळा वर्षांची.

पुढची शंभर वर्षं उजव्या बरगडीखाली लांब चीर देऊनच हे काम चाललं. आठ-दहा दिवस रुग्णालयात, महिना-दीड महिना घरी. एवढा भोग समोर दिसत असल्यामुळे किरकोळ त्रासाचा माणूस आपणहून टेबलावर चढत नसे आणि सर्जनही त्याला चढवत नसे. जर्मनीतल्या बोब्लिंगन गावात एरिश म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा जर्मन सर्जनांनी आपल्या परिषदेत त्यांची टिंगल केली. त्याच सर्जनांच्या संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. मधल्या काळात फ्रान्समध्ये लिआँच्या फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये हीच वाट धरली आणि तिथून ती जगभर गेली. भारतात ती मुंबईत उघडली. जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरणारे डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये तिथेच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. विकसनशील देशांतलं ते पहिलं. दुर्बीण ही श्रीमंतांची चैन आहे, या आक्षेपावर त्यांचं उत्तर होतं की लवकर कामावर परतण्याची गरज हातावर पोट असणाऱ्यालाच सर्वांत जास्त असते. ते खरंच होतं. आज जिल्ह्याच्या गावी, तालुक्यालाही "चार भोकांचं ऑपरेशन" होतं आणि माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो.

पण चीर लहान झाली तसा उंबरठाही उतरला. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचा हिशेब १९९४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. दुर्बीण आल्यावर या ऑपरेशनमधला मृत्युदर ३३ टक्क्यांनी घटला होता. त्याच काळात ऑपरेशनांचं प्रमाण २८ टक्क्यांनी वाढलं होतं. परिणामी या ऑपरेशनपायी दगावणाऱ्यांची एकूण संख्या होती तिथेच राहिली. लोकांच्या पित्ताशयात अचानक खडे वाढले नव्हते. पूर्वी ज्यांना "बघू पुढे" म्हणून घरी पाठवलं असतं, त्यांना आता तारीख मिळू लागली होती.

आपल्याकडे त्यात भर पडली सोनोग्राफीची आणि कंपन्यांच्या वार्षिक तपासणीची. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तिशीतल्या बाईंना पोटाची कसलीही तक्रार नव्हती. लग्नाआधी घाईने वजन उतरवलं होतं, एवढंच. खडे व्हायला तेवढं निमित्त पुरतं. तपासणीच्या अहवालात "पित्ताशयात अनेक खडे" असं आलं. घरात चर्चा, मामेभावाच्या ओळखीचा डॉक्टर, "आज ना उद्या त्रास होणारच, शिवाय कॅन्सरची भीती", आणि मेडिक्लेम होताच. ऑपरेशन उत्तम झालं. आता जेवल्यावर त्यांना धावत जावं लागतं. ऑफिसच्या बसमध्ये बसण्याआधी नाश्ता टाळायचा, हा त्यांनी शोधलेला इलाज. "मला आधी काहीच होत नव्हतं हो," एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या. ज्याला आधी काही नव्हतं त्याला ऑपरेशनने द्यायला काही नसतं. नंतरची प्रत्येक बारीक कुरकुर त्याच्या खात्यात तोटा म्हणून जमा होते.

मुक्या खड्यांचं पुढे काय होतं, हे १९८२ पासून बऱ्यापैकी माहीत आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या १२३ प्राध्यापकांच्या पोटात तपासणीत असे खडे सापडले होते, त्रास कुणालाच नव्हता. ग्रेसी आणि रॅन्सहॉफ या दोघांनी त्यांचा वर्षानुवर्षांचा मागोवा घेतला. पाच वर्षांत कळ येण्याची शक्यता १० टक्के, दहा वर्षांत १५, पंधरा वर्षांत १८. म्हणजे ज्यांचे खडे गप्प होते, त्यांतल्या पाचांपैकी चारांचे ते पंधरा वर्षांनंतरही गप्पच. कॅन्सरची भीती खोटी नाही, पण ती सगळीकडे सारखीही नाही. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेश-बिहारकडे ठळकपणे जास्त आढळतो. तीन सेंटीमीटरहून मोठा खडा, पिशवीच्या भिंतीवर चढलेलं चुन्याचं कवच, एक सेंटीमीटरहून मोठा पॉलिप, अशा कारणांसाठी त्रास नसतानाही पित्ताशय काढायला सांगतात आणि ते योग्य आहे. सरसकट मात्र नाही. (काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवली का, हे नातेवाइकांनी जरूर विचारावं. खड्यांच्या डबीपेक्षा तो अहवाल जपून ठेवण्याजोगा असतो.)

आता त्या न आवडलेल्या उत्तरांकडे येऊ. नेदरलँड्समधल्या सर्जनांनी आपल्याच धंद्याचा हिशेब मांडला. २४ रुग्णालयं, पोटदुखी आणि खडे दोन्ही असलेले १,०६७ रुग्ण. अर्ध्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी नेहमीसारखा आपल्या अंदाजाने निर्णय घ्यायचा. उरलेल्यांच्या बाबतीत पाच गोष्टी जुळल्या तरच ऑपरेशन सुचवायचं: झटके तीव्र असावेत, कळ पंधरा मिनिटं-अर्धा तास किंवा अधिक टिकावी, ती बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली असावी, पाठीकडे जावी, आणि साध्या वेदनाशामकाने उतार पडावा. निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. कडक निकषांच्या गटात ६८ टक्के लोकांचं ऑपरेशन झालं, नेहमीच्या गटात ७५ टक्के. आणि वर्षभराने पोट अजिबात दुखत नाही असं सांगणारे होते अनुक्रमे ५६ आणि ६० टक्के.

सर्जनांची झोप उडवणारा आकडा आहे तो शेवटचा. निकष लावा किंवा लावू नका, बाराव्या महिन्यात दहातल्या चौघांचं पोट कुठे ना कुठे दुखतच होतं. निकष कडक करूनही हा आकडा सुधारला नाही, याचा अर्थ या पाच प्रश्नांची चाळणीही पुरेशी बारीक नाही. पुढे डच डॉक्टरांनीच मागे जाऊन पाहिलं, की कोणाचं दुखणं नक्की कमी झालं. वय जास्त, आधीची वेदना तीव्र, पाठीत जाणारी कळ, मळमळ, साध्या गोळीने आराम, पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेलं नसणं आणि छातीत जळजळ नसणं ही त्यांची लक्षणं निघाली. त्यातलं जळजळ नसणं हे चिंचवडच्या बाईंसाठी अधोरेखित करावंसं वाटतं.

ब्रिटनमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आले. कळा येतात पण गुंतागुंत नाही अशा ४३४ जणांपैकी निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना गोळ्या, पथ्य आणि वाट पाहणं, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकून केली. अठरा महिन्यांत दोन्ही गटांच्या वेदनेच्या गुणांत फरक पडला नाही. वाट पाहणाऱ्यांपैकी फक्त २५ टक्क्यांनी त्या काळात ऑपरेशन करून घेतलं. हे वाचून कुणी उद्याची तारीख रद्द करू नये. ऑपरेशनच्या गटातल्याही ६७ टक्के लोकांचंच ऑपरेशन त्या अवधीत झालं होतं, कारण ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या प्रतीक्षायाद्या. आज दाखल, उद्या ऑपरेशन अशा आपल्याकडच्या खासगी व्यवस्थेला तो हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय पित्ताशयाला सूज आलेले, खडा नळीत उतरून कावीळ झालेले, स्वादुपिंडाला सूज आलेले रुग्ण या चर्चेत मुळात धरलेलेच नाहीत. त्यांचं ऑपरेशन टाळणं धोक्याचं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका सर्जनपुढे मी हे आकडे ठेवले. वीसएक वर्षं ते हेच ऑपरेशन करत आले आहेत. त्यांनी वाद घातला नाही. "खरी कळवाला माणूस तिसऱ्या दिवशीच ओळखू येतो. डोळेच वेगळे असतात. गॅसवाला मला सहा महिन्यांनी बाजारात दिसतो आणि रस्ता ओलांडून पलीकडे जातो," ते म्हणाले आणि हसले. मग गॅसवाल्याचं ऑपरेशन करताच का? यावर हसू ओसरलं. "मी नाही म्हटलं तर तो शेजारच्या दवाखान्यात जातो. आणि मी थांबवलेल्या दहांतल्या एकाला पुढे स्वादुपिंडाची सूज आली, की त्याच्या घरचे मलाच धरतात. ऑपरेशन करून पोट फुगलं तर कोण धरतं?"

या उत्तरात प्रामाणिकपणा आहे, आणि अडचणही नेमकी तिथेच आहे. न केलेल्या ऑपरेशनचा दोष डॉक्टरवर येतो. केलेल्याचा उपयोग झाला नाही तर रुग्ण तो आपल्या नशिबावर किंवा खाण्यावर घेतो.

कराडजवळच्या एका ऊस-शेतकऱ्याला मात्र असला कसलाच प्रश्न नाही. रात्री पाणी धरायला गेला असताना बांधावरच कळ आली होती, दोघांनी उचलून आणलं. वर्षात असं तिसऱ्यांदा. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. काही त्रास? "कायबी न्हाय." मग बायकोने आतून सांगितलं की जेवल्यावर दोन-तीनदा जावं लागतं. "जावं लागतं की. पण त्या कळंपुढं त्याचं काय एवढं?"

हिंजवडीच्या बाईंची आणि याची लक्षणं तंतोतंत तीच. समाधान मोजायला १९९५ मध्ये जर्मन सर्जनांनी एक प्रश्नावली काढली. पोटाशी आणि रोजच्या जगण्याशी संबंधित ३६ प्रश्न, प्रत्येकाला चारपैकी गुण, एकूण १४४. पोट किती वेळा फुगलं, किती वेळा घाईने जावं लागलं, खाण्याची मजा गेली का, अशा प्रकारचे प्रश्न. जगभरचे अभ्यास ती वापरतात. त्या कागदावर हे दोघं जुलाबाच्या प्रश्नाला सारखेच गुण देतील. पण एकजण पुन्हा वेळ आली तर पुन्हा करून घेईन म्हणतो आणि दुसरी कधीच नाही म्हणते. बऱ्याच अभ्यासांत हे कोडं येतं, की लक्षणं शिल्लक आहेत असं सांगणारेही मोठ्या संख्येने समाधानी असतात. मला त्यात कोडं दिसत नाही. माणूस आजच्या पोटाची तुलना निरोगी पोटाशी करत नाही, कालच्या पोटाशी करतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात जे होतं, त्याबद्दल आधी दोन वाक्यं सांगितली तर निम्मी घबराट टळेल. पोटात उजवीकडे चीर आणि दुखतो खांदा, हे पाहून माणूस हबकतो. दुर्बिणीसाठी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं असतं. उरलेला वायू श्वासपटलाला टोचतो आणि श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच मुळाकडून येत असल्याने दुखणं खांद्यावर उमटतं. दोन-तीन दिवसांत जातं. चालल्याने बरं वाटतं. चार भोकांपैकी बेंबीचं जास्त दिवस ठणकतं, कारण पिशवी बहुधा तिथून बाहेर काढलेली असते.

जुलाबांचं कारणही साधं. पिशवी होती तेव्हा पित्त साठून जेवणाच्या वेळी येत होतं. आता ते दिवसभर थेंबथेंब आतड्यात उतरतं. लहान आतड्यात पूर्ण शोषलं न गेलेलं पित्त मोठ्या आतड्यात पोचलं की ते पाणी खेचतं. बहुतेकांचं शरीर काही आठवड्यांत जुळवून घेतं. थोड्यांचं घेत नाही. त्यांच्यासाठी पित्तक्षार बांधून ठेवणारी कोलेस्टायरामीनची पूड असते आणि तिचा अनेकांना चांगला गुण येतो. हिंजवडीच्या बाईंना ती कुणी सुचवलेलीच नव्हती. त्यांना सुचवलं होतं इसबगोल आणि "मनावर घेऊ नका".

खाण्याच्या बाबतीत आपल्या घरांचा उत्साह दांडगा. महिनोन्‌महिने मुगाची खिचडी, तूप आयुष्यभर बंद, अंड्याकडे बघायचं नाही. घोड्याला, हरणाला, कबुतराला जन्मतः पित्ताशय नसतं. माणसाचंही त्याच्यावाचून अडत नाही. सुरुवातीचे काही दिवस थोडं थोडं, कमी तेलकट खावं, मग सोसेल तसं नेहमीचं जेवण. जन्मभराच्या पथ्याला आधार नाही. आठ वर्षं पुरणपोळीवर तुपाची धार न घेतलेले एक आजोबा मला सोलापुरात भेटले. सर्जनने त्यांना पंधरा दिवस सांगितलं होतं. पुढचं सगळं सुनेच्या काळजीपोटी.

काही तक्रारी मात्र सोसत बसायच्या नाहीत. ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून येणं, वाढत जाणारं पोटदुखीचं सत्र दिसलं तर लगेच परत जायचं. नळीत मागे राहिलेला खडा किंवा नळीला झालेली इजा ही त्यामागची कारणं असू शकतात. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण साधारण हजारात तीन ते पाच असं सांगतात. ऐकायला थोडं, पण ज्याला होते त्याचं पुढचं आयुष्य बदलतं. स्ट्रॅसबर्ग या अमेरिकी सर्जनने १९९५ मध्ये नाव दिलेली पद्धत, म्हणजे पिशवीत जाणाऱ्या दोनच गोष्टी लख्ख दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही, आज शिकाऊ सर्जनांना पाठ असते. उशीर लागला, ऑपरेशन अर्ध्यावर पोट उघडून करावं लागलं म्हणून नातेवाईक चिडतात, तेव्हा सर्जनने बहुतेक वेळा शहाणपणाच केलेला असतो.

आणि तरीही दुखत राहिलं तर? इथे वैद्यकाचा हात जास्त इलाजाकडे वळतो. पित्तनलिका आतड्यात उघडते तिथे एक स्नायूची झडप आहे. रुग्जेरो ओडी या इटालियनाने पेरूजात विद्यार्थी असतानाच १८८७ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून ती ओडीची झडप. पित्ताशय गेल्यावर ही झडप आखडत असेल आणि त्यामुळे दुखत असेल, म्हणून एंडोस्कोपीतून ती कापण्याची पद्धत अनेक वर्षं चालली. अमेरिकेत २१४ रुग्णांवर तिची परीक्षा झाली. काहींची झडप खरोखर कापली, काहींची फक्त कापल्यासारखं केलं, रुग्णाला माहीत नाही. २०१४ मध्ये निकाल आला. खरोखर कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना गुण आला, खोटं खोटं केलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. दुखणाऱ्या पोटात आणखी काहीतरी कापावं, या ऊर्मीला याहून सणसणीत उत्तर मिळणं कठीण.

चिंचवडच्या बाईंना अखेर एका फिजिशियनने जठराची तपासणी करून ॲसिडिटीची गोळी, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि पलंगाचं डोकं थोडं उंच, एवढंच सांगितलं. हे ऑपरेशनच्या आधीही करून बघता आलं असतं.

महाराष्ट्रात एक भाग असा आहे, जिथे कोणतं दुखणं कशाचं हे ओळखण्यावर सगळंच अवलंबून असतं. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, तिकडे नंदुरबार या पट्ट्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन वाढतं आणि त्याचे काळे खडे पित्ताशयात जमतात, कधीकधी शाळकरी वयातच. इथे चाळीस वर्षांची स्थूल बाई हे पाठ्यपुस्तकी चित्र कामाचं नाही. समोर असतो चौदा वर्षांचा काटकुळा मुलगा. त्याचं पोट खड्यांनीही दुखतं आणि सिकलच्या झटक्यानेही. पिवळे डोळे त्याला एरवीही असतात. कळ असताना ऑपरेशन करणं त्याला जास्त धोक्याचं, म्हणून शांत काळात, गरजेप्रमाणे आधी रक्त देऊन, अंग गार न पडू देता, भरपूर सलाइन आणि प्राणवायूसह करतात. आणि त्यानंतरही त्याचं पोट दुखणारच असतं, कारण मूळ आजार जागेवर असतो.

विदर्भातल्या एका रुग्णालयाच्या ओपीडीत अशाच एका मुलाची आई बसली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, बरगडीखाली गोल केला. इथे दुखतं, जेवल्यावर दुखतं, उलटी होते, ते थांबेल. हातपाय, पाठ, सगळं पोट एकदम दुखतं, ते थांबणार नाही, त्याच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. दोन्हींतलं कोणतं, ते पुढच्या वेळी वहीत लिहून आणायचं. हे सगळं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली आणि बाहेरची रांग कुरकुरायला लागली. इतकं स्पष्ट सांगितलं तर लोक ऑपरेशनला तयार होतात का, असं मी त्यांना नंतर विचारणार होतो. तोवर बाईंनीच विचारलं, "मग तारीख धान कापून झाल्यावरची द्याल का, सर? आता घरी माणूस नाही."